घोंगड्यातला बर्फ

पडद्यावर देवदत्त लिमये हे नाव उमटलं आणि हरणाचा माउसवरचा हात तव्याला लागल्यासारखा वर उचलला गेला. रविवारची दुपार होती. पोवई नाक्याजवळचा लीलाबाईंचा एसटीडी बूथ, त्याच्या मागच्या खोलीत लीलाबाईंच्या जावयाने बसवून दिलेला कॉम्प्युटर, पुण्याला फोन लागेपर्यंत मोडेमने काढलेला तो कर्कश आवाज, हे सगळं तिच्या आता इतकं अंगवळणी पडलं होतं, की इथे कुणी ओळखीचं भेटेल ही धास्तीच तिने सोडून दिली होती. इथे भेटायचे ते केनियातले, आयर्लंडमधले, केरळातले विज्ञानाचे शिक्षक. एका पत्त्यावर मेल पाठवली की ती गटातल्या सगळ्यांना जाते आणि ज्याला सुचेल तो उत्तर देतो, एवढी साधी सोय. तिला कुणी इथे पाठवलं नव्हतं. सातारच्या ज्या मुलींच्या हायस्कुलात ती शिकवायची तिथे इंटरनेट म्हणजे काय हे विचारलं असतं तर निम्म्या स्टाफरूमने कानावर हात ठेवले असते. एका मासिकाच्या कोपऱ्यात पत्ता छापून आला होता, तो पाहून ती आपली आपण येऊन बसू लागली होती, आपलं शिकवणं आपणच घासूनपुसून घ्यावं म्हणून. आणि आता त्या गटात, नव्या सभासदांच्या नावांत, देवदत्त लिमये, सांगली. मी शिक्षकांची प्रशिक्षणं घेतो, असं त्याने इंग्रजीत लिहिलं होतं. माझी एक अडचण आहे. प्रशिक्षणाला आलेले शिक्षक बोलत नाहीत. प्रश्न विचारला की खाली बघतात. त्यांना बोलतं करायला काय करावं? हरणाने ते दोनदा वाचलं. मग ती एकटीच हसली, आणि बाहेरून लीलाबाईंनी विचारलं, "काय हो काळे बाई, लागली का लाइन? मला एक मुंबईचा कॉल जोडून द्यायचाय."

लाइन लागली होती, पण भलतीकडेच. सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यातला सांगलीतल्या एका हायस्कुलाचा हॉल, त्याचे संथ फिरणारे पंखे, खिडकीतून येणारा हळदीचा वास. विज्ञान शिक्षकांचं विभागीय शिबिर. तेव्हा ती काळे बाई झालेली नव्हती. आटपाडीकडच्या कोंडीबा लवट्यांची हरणा होती, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली पहिली मॅट्रिक, पहिली बी.एस्सी., पहिली बी.एड., आणि नोकरीला लागून वर्षही झालेलं नव्हतं. शिबिरातली रीत अशी की प्रत्येकाने एक पाठ घ्यायचा, बाकीच्या शिक्षकांनी विद्यार्थी होऊन बाकांवर बसायचं, आणि पाठ झाला की त्यावर चर्चा. चर्चा म्हणजे देवदत्त लिमये. पोरगेलाच होता तोसुद्धा, पण बोलण्यात असा तयार, की साहेब लोक त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढायचे. हरणाने पाठासाठी बर्फाच्या कारखान्यातून विटेएवढ्या दोन लाद्या आणल्या होत्या आणि घरून वडलांचं घोंगडं. काळं, जाड, आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं. एक लादी उघडी ताटात, एक घोंगड्यात. कुठली आधी वितळेल? मुलं हमखास सांगणार, घोंगड्यातली, कारण घोंगडं ऊबदार. आणि अर्ध्या तासाने घोंगडं उघडलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होणार. हा प्रयोग तिने पुस्तकातून घेतलेला नव्हता. माळावर उन्हाच्या तापात घोंगड्यात गुंडाळलेली पाण्याची कळशी गार राहते हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं आणि का राहते हे कॉलेजात कळल्यावर तिला इतका आनंद झाला होता, की तो कुणाला सांगावा हेच तिला समजलं नव्हतं. तो आनंद ती त्या दिवशी सांगायला उभी राहिली होती.

"सांगा, घोंगड्यातला बर्फ कवा वितळंल?" तिच्या तोंडून गेलं. घाबरली की जीभ गावाकडे पळायची. हॉलमध्ये थोडी खसखस पिकली. ती सावरली असती. पण शेवटच्या बाकावरून देवदत्त लिमये उठला, हातातली पेन्सिल बाकावर टेकवली आणि मोठ्या कौतुकाच्या सुरात म्हणाला, "घोंगडं तर आलं. मेंढरं कधी येणार, बाई?" सगळा हॉल हसला. नुसता हसला नाही, खिदळला. मागून कुणीतरी बें केलं. साहेब रुमालाने डोळे पुसत होते. तेवढ्यात चहा आला, आणि चहा आला म्हटल्यावर सगळे उठले. पाठ तिथेच संपला. घोंगडं कुणी उघडलंच नाही. ती टेबलापाशी उभी होती आणि उघड्या लादीचं पाणी ताटाबाहेर ओघळून तिच्या चपलांपर्यंत आलं होतं. मग तिने घोंगडं बर्फासकट उचललं, पिशवीत कोंबलं आणि कुणाला न सांगता स्टँड गाठला. आटपाडीच्या एसटीत ओल्या लोकरीचा वास सुटला तशी शेजारची बाई नाकाला पदर लावून पुढच्या सीटवर जाऊन बसली. आटपाडीला उतरून घोंगडं झटकलं तर आतून लिंबाएवढा बर्फ निघाला. मे महिन्याच्या उन्हात, सांगलीपासून आटपाडीपर्यंत. प्रयोग असा यशस्वी झाला होता की साहेबांनी पाठ थोपटायला हवी होती. तो खडा तिच्या तळहातावर गरगर फिरून नाहीसा झाला. घरी वडलांनी विचारलं, "ह्ये वल्लं कशानं झालं गं?" ती म्हणाली, "पान्यात पडलं." वडलांनी घोंगडं दांडीवर टाकलं आणि मेंढरांकडे गेले. त्यांना ती पुन्हा कधी काही सांगू शकली नाही.

तेव्हापासून ते वाक्य तिच्याजवळ होतं. घोंगडं तर आलं, मेंढरं कधी येणार, बाई. लग्न झालं, आडनाव बदललं, सातारला बदली झाली, भाषा घासून घासून अशी लख्ख केली की नव्या मुली तिला वाईची समजायच्या. हरणा हे नाव तिने शाळेत कुणाला कळू दिलं नाही. ती काळे बाई होती आणि सहीपुरती एच. के. कुणी घर कुठलं विचारलं तर सातारचंच, म्हणायची. पण भांडी विसळताना, पेपर तपासताना, अजिंक्यताऱ्याकडे बघत गच्चीवर केस वाळवताना ते वाक्य अचानक वर यायचं, आणि तिचं अंग इतक्या वर्षांनीही तसंच तापायचं. त्या वाक्याला तिने किती उत्तरं दिली होती! पाचगणीच्या बोर्डिंग शाळेतल्या बायका देतात तशी थंड उत्तरं, रंगुबाईसारखी, म्हणजे तिच्या आईसारखी, कंबरेवर हात ठेवून दिलेली उत्तरं. पण ती सगळी पाळण्यातच मेली. शेवटी तिला कळून चुकलं होतं की या वाक्याला उत्तर एकच: तेच वाक्य. त्याच हॉलमध्ये, तसंच टेबल पुढ्यात असताना, तशीच माणसं बाकांवर बसलेली असताना, त्याच्याच तोंडावर. तिचा नवरा अर्जुना कोयनानगरला पॉवर हाउसमध्ये होता, शनिवारी घाट उतरून घरी यायचा. त्याला तिने लग्नाच्या पहिल्या वर्षी हे सांगितलं होतं. तो ऐकून म्हणाला, "सोड की गं. आमच्या हितं जमीन हालती तवा लोकं भाईर पळत्यात, थांबली की आत यीऊन जेवत्यात. तुजी अजून हालतीयाच व्हय?" तो हसला होता. तिने त्याला पुन्हा कधी काही सांगितलं नाही.

आणि आता हा पडद्यावर विचारत होता, शिक्षक का बोलत नाहीत. हरणाने डिक्शनरी जवळ ओढली. गटात ती इंग्रजीतच लिहायची. सावकाश, शब्द शोधत शोधत, पण इथे तिला घाई करणारं कुणी नव्हतं आणि मुख्य म्हणजे इथे आवाज नव्हता. कवा न् तवा कुणाला ऐकू जात नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी धाडस करून तिने गटाला घोंगड्याच्या प्रयोगाबद्दल लिहिलं होतं, तेव्हा आयर्लंडच्या एका म्हाताऱ्या शिक्षकाने उत्तर दिलं होतं, की माझे वडीलही मेंढपाळ होते, आणि हे मला आयुष्यभर कसं सुचलं नाही! नैरोबीच्या एका बाईंनी प्रयोग वर्गात करून पाहिला आणि मुलांची वाक्यं लिहून पाठवली. कुणी हसलं नाही. त्या दिवशी ती बूथमधून बाहेर पडली तेव्हा नाक्यावरची रहदारी ओलांडताना तिला रडू आलं होतं. सगळ्या जगात तेवढी एक जागा होती जिथे एच. के. म्हटलं की लोक थांबून वाचायचे. त्या जागेत आता हा शिरला होता. तिने लिहिलं: शिक्षक बोलत नाहीत, कारण पूर्वी कुणीतरी बोललं होतं आणि त्याचं काय झालं हे त्यांनी पाहिलेलं असतं. आपण कुणाला कधी हसलो होतो का, ते आठवून पाहावं. खाली एच. के., एवढंच.

पुढच्या रविवारी त्याचं उत्तर तिच्या एकटीच्या पत्त्यावर आलेलं होतं. डिअर सर, अशी सुरुवात. सर! हरणाने खुर्ची मागे सरकवली. डिअर सर, आपल्या दोन ओळींनी मला विचारात पाडलं. मी कधी कुणाला हसलो असेन असं मला तरी आठवत नाही. पण इतरांना हसताना थांबवलंही नसेल. आपण अनुभवी दिसता. मला मार्गदर्शन कराल का? आठवत नाही. तिने तो शब्द पडद्यावर बोटाने दाबून पाहिला, काचेवर बोटाचा ठसा उमटला. ज्या वाक्यावर तिने अख्खं तारुण्य जाळलं ते ह्याला आठवतही नाही. खिशातून सुटा पैसा पडावा तसं ते त्याच्या तोंडातून पडलं होतं आणि तो पुढे चालत गेला होता. तिला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार वाईट होतं. तिला राग आला, पण त्या रागातच तिला एकदम गार, स्वच्छ असं काहीतरी दिसलं. मार्गदर्शन हवंय ना? देते. आठवत नाही ना? आठवून देते. जत्रेच्या बकऱ्याला कसं वर्षभर चारतात, हाताने कोवळा पाला भरवतात, गळ्यात घंटा बांधतात! तिच्या आजोळी बकरं चारायचं काम तिच्याकडे असायचं आणि ती ते काम फार मन लावून करायची.

तिने त्याला वर्षभर चारलं. दर रविवारी एक मेल. प्रश्न विचारल्यावर गप्प बसायला शिका, असं तिने लिहिलं; मनातल्या मनात दहा आकडे मोजा, उत्तर आपण देऊ नका. त्याने करून पाहिलं आणि लिहिलं, सर, आज मिरजेच्या वर्गात पहिल्यांदा एक शिक्षिका उठून बोलली. मुलाचं चुकलेलं उत्तर फळ्यावर लिहा, पुसू नका, त्यावर बोला. तेही त्याने केलं. वस्तू ज्याच्या घरातली असेल तिला त्याचाच हात लागू द्या, गुरुजींनी आपले हात पाठीमागे ठेवावेत. हे तिला स्वतःला फार उशिरा उमजलेलं होतं, नैरोबीच्या बाईंच्या मेलमधून, आणि ते त्याला फुकट देताना तिचं मन किंचित मागेपुढे झालं होतं. पण चारायचं म्हटल्यावर हात आखडून चालत नाही. तो प्रत्येक वेळी डिअर सर म्हणायचा, प्रत्येक वेळी पाया पडल्यासारखा वाकायचा, आणि ती प्रत्येक वेळी ते वाकणं जिभेवर घोळवत घरी जायची. गंमत अशी की ही मेल लिहायची म्हणून ती स्वतःही वर्गात जे सांगायची ते करून बघायला लागली होती. तिच्या आठवी ब च्या मुली आता एकमेकींशी भांडून उत्तरं काढायच्या. मुख्याध्यापिकांनी एकदा दारात उभं राहून ऐकलं आणि म्हणाल्या, "काळे बाई, वर्गाचा बाजार केलाय हो तुम्ही. पण छान वाटतंय." हरणाला त्याचा आनंद झाला नाही. म्हणजे झाला, पण तो तिने बाजूला ठेवला. ती दुसऱ्याच कामात होती.

फेब्रुवारीत त्याने हवं ते मागितलं. डिअर सर, मे महिन्यात सांगलीला विभागीय शिबिर आहे, मी प्रमुख मार्गदर्शक आहे. उष्णतेवर एखादा प्रयोग द्या. खर्चाचा नको, आपल्या मातीतला हवा. हरणाने ती मेल वाचली आणि लगेच उत्तर न देता नाक्यापर्यंत चालून आली. उसाचा रस प्यायली. परत येऊन घोंगड्याचा प्रयोग लिहून काढला, एकेक पायरी, लादी विटेएवढी, घोंगडं जाड, वाट पाहायची, लवकर उघडायचं नाही. शेवटी लिहिलं: घोंगडं तुम्ही स्वतः टेबलावर अंथरा. हे लिहिताना तिला टेबलामागे वाकलेला देवदत्त लिमये दिसत होता, अंगावर काळ्या लोकरीचे तंतू चिकटलेले, आणि बाकावरून उठणारी ती. वाक्य तयार होतं. बारा वर्षं वाळवलेलं होतं. त्याचं उत्तर आलं, सर, अप्रतिम. एवढं साधं आणि एवढं खोल मला आयुष्यात सुचलं नसतं. तिने मुख्याध्यापिकांकडे जाऊन मे महिन्याच्या शिबिराला आपलं नाव द्यायला सांगितलं. सुट्टीतल्या शिबिराला आपण होऊन जाणारी शिक्षिका त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी.

सांगलीचा हॉल तोच होता. पंखे नवे होते, हळदीचा वास तसाच. देवदत्त लिमयेचे केस पिकले होते, पोट सुटलं होतं, आणि तो दाराशी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होता. "या बाई. साताऱ्याहून ना? प्रवास फार झाला असेल, आधी पाणी घ्या." त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि काही ओळखलं नाही. हरणा मधल्या रांगेत कडेला बसली. तिला त्याचा आवाज ऐकवत नव्हता, कारण त्या आवाजात तिचीच वाक्यं होती. तो प्रश्न विचारून थांबत होता. मनातल्या मनात आकडे मोजताना त्याचे ओठ जरासे हलत होते. आणि लोक बोलत होते! जतचे बोलत होते, खटावचे बोलत होते, चुकत होते, तो ते चुकलेलं फळ्यावर लिहून घेत होता आणि कुणी कुणाला हसत नव्हतं. बारा वर्षांपूर्वी या हॉलमध्ये असं असतं तर, हा विचार तिच्या मनात येऊ लागला तसा तिने तो बाजूला सारला. ती यासाठी आली नव्हती. बर्फ आला. पोत्यात, भुशात, दोन लाद्या. देवदत्त म्हणाला, "हा प्रयोग माझा नाही. माझे एक गुरू आहेत, एच. के. सर. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. इंटरनेटवर भेटले. ते कुठले, काय वयाचे, मला माहीत नाही. पण शिकवणं म्हणजे काय ते मला चाळिशीला टेकल्यावर त्यांनी शिकवलं. त्यांनी सांगितलंय की घोंगडं मी अंथरावं. पण त्यांनीच मला आधी सांगितलं होतं, की वस्तू ज्याच्या घरातली, तिला त्याचाच हात लागावा. म्हणून मी सरांचं हे एक ऐकणार नाही. समीक्षा, ये बेटा."

पुढच्या बाकावरून एक मुलगी उठली. विशी नुकती ओलांडलेली, साधी खादीची साडी, खांद्यावर घडी घातलेलं काळं घोंगडं. देवदत्त म्हणाला, ही समीक्षा, आटपाडी तालुक्यातली, नवी शिक्षिका, आणि हे घोंगडं हिच्या आजोबांच्या हातचं. मुलीने घोंगडं टेबलावर अंथरलं. हाताने दोनदा फिरवून सारखं केलं, जसं फक्त घरच्या माणसालाच करता येतं. बर्फाची लादी मध्ये ठेवली, चारी बाजू आत घेतल्या आणि वर हात ठेवून समोर पाहिलं. "सांगा," ती म्हणाली, "कुठला बर्फ आधी वितळेल?" तिचा आवाज स्पष्ट होता, जपून लख्ख केलेला, आणि त्या लख्खपणाखाली काय आहे हे त्या हॉलमध्ये फक्त एका बाईला कळत होतं. हरणा उभी राहिली होती. केव्हा उठली ते तिला कळलं नाही. तिला मुलगी दिसत होती. नीट दिसत होती. पण मुलीच्या मागे, हात पाठीशी बांधून, तो उभा होता, आणि वाक्य त्याच्यासाठी होतं. ते मुलीच्या डोक्यावरून जाईल आणि त्याला लागेल, तो दचकेल, त्याचा चेहरा पांढरा पडेल, त्याला आठवेल. बारा वर्षांत तिने हा चेहरा इतक्यांदा पाहिला होता की आता थांबणं तिच्या हातात राहिलेलं नव्हतं.

"घोंगडं तर आलं," हरणा म्हणाली. तिचा आवाज छान लागला, मोकळा, वाईच्या बायकांसारखा. "मेंढरं कधी येणार, बाई?"

हॉल हसला. सगळा नाही, पण हसला. मागच्या रांगेतून कुणीतरी हलकंसं बें केलंसुद्धा. हरणा देवदत्तकडे पाहत होती. त्याच्या चेहऱ्यावर ती शोधत होती ते कुठेच नव्हतं. तिथे आश्चर्य होतं, मग राग आला, मग तोही त्याने आवरला. ओळख आली नाही. आठवण आली नाही. त्याने हात वर करून हॉल गप्प केला. "बाई," तो शांतपणे म्हणाला, "आपण शिक्षक आहोत. असं बोलणं आपल्याला शोभत नाही. कधीकाळी मीसुद्धा असा कुणाला हसलो असेन, मला आठवत नाही, पण हसलोच नसेन असं आता मी म्हणणार नाही. एका माणसाने मला ते दाखवून दिलं. आज एच. के. सर इथे असते तर त्यांना फार वाईट वाटलं असतं." कुणीतरी टाळी वाजवली, मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. हरणाच्या शेजारची बाई पदर आवरून बाकावर जरा पलीकडे सरकली. आणि तेव्हा तिने मुलीकडे पाहिलं. समीक्षा खाली बघत होती. तिचा हात अजून घोंगड्यावर होता, पण तो हात आता ते धरत नव्हता, झाकत होता. तिच्या कानाची पाळी लाल झाली होती. उघड्या लादीचं पाणी ताटातून ओघळून तिच्या चपलांकडे चाललं होतं आणि ती पाय मागे घेत नव्हती. हरणाला ओरडून सांगायचं होतं, तुला नाही गं, तुला नाही, पण त्या वाक्यात आता दुसऱ्या कुणाला जागा राहिलेली नव्हती.

यावेळी चहा आला तरी कुणी उठलं नाही. देवदत्तने मुलीला हळूच काहीतरी विचारलं, तिने मान हलवली, आणि वेळ झाल्यावर तिने स्वतःच्या हाताने घोंगडं उघडलं. लादी जवळजवळ तशीच होती, कोपरे तेवढे गोल झालेले. ताटातल्या लादीचा मुठीएवढा तुकडा उरला होता. हॉलमधून आ निघाला, खराखुरा, लहान मुलांचा निघतो तसा. या हॉलने बारा वर्षं उशिरा ते पाहिलं. टाळ्या वाजल्या. देवदत्त म्हणाला, या टाळ्या एच. के. सरांच्या, आणि समीक्षाच्या. हरणाचे हात मांडीवर होते. तिने ते उचलून पाहिले, पण त्यांना एकमेकांपर्यंत जाता येईना. आयुष्यात तिला एवढंच हवं होतं, हे घोंगडं इथे उघडलेलं बघायचं होतं, आणि ते उघडलं गेलं तेव्हा ती बें करणाऱ्यांच्या बाजूला बसलेली होती. जेवणाच्या सुट्टीत ती कुणाशी न बोलता बाहेर पडली.

सांगलीच्या स्टँडवर ऊन मी म्हणत होतं. कराडकडची गाडी लागायची होती. आटपाडीच्या फलाटावर, खांबाच्या सावलीत, समीक्षा बाकावर बसलेली होती. म्हणजे तीही अर्ध्यावरच निघाली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत लादीसकट गुंडाळलेलं घोंगडं, त्याचा ओला कोपरा बाहेर आलेला. तिच्या बाजूची जागा रिकामी होती, एवढी गर्दी असून. हरणा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलायचं ते तिने ठरवलेलं नव्हतं. पोरी, ते तुझ्यासाठी नव्हतं, असं म्हणायचं तर मग कुणासाठी होतं ते सांगावं लागणार, आणि ते कुठून सुरू करायचं? ओल्या लोकरीचा वास येत होता. तो वास तिला इतका ओळखीचा होता की तिचे पाय तिथून हलेनात. ती नुसती म्हणाली, "पोरी, उघडून बघ. आत अजून बर्फ असंल. आटपाडीपातूर ऱ्हातोय." घासून लख्ख केलेली भाषा कुठल्या कुठे गेली होती.

मुलीने वर पाहिलं. ती रडलेली नव्हती. तिचे डोळे कोरडे होते, थंड होते, आणि ते हरणाच्या चेहऱ्यावरून सावकाश फिरले. कपाळ, नाक, जिवणी, कानातली कुडी, एकेक करून सगळं उचलून कुठेतरी नीट ठेवून देत असल्यासारखे. ही नजर हरणाला माहीत होती. आरशात पाहिलेली होती. हिला काही समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. हिला समजावणी नको होती. हिच्याजवळ आता एक वाक्य होतं, आणि वाक्य ठेवायला चेहरा हवा होता, तो मिळाला होता. एक गोष्ट तेवढी राहिली होती.

"तुमचं नाव काय म्हनायचं, बाई?" मुलीने विचारलं. तिनेही आता जपायचं सोडलं होतं.

काळे बाई, असं म्हणून सुटता आलं असतं. साताऱ्यात शंभर काळे बायका असतील. एच. के. म्हणता आलं असतं. मग ती मुलगी कदाचित उठून पायाच पडली असती. आटपाडीची गाडी फलाटाला लागत होती, लोक खिडक्यांतून रुमाल टाकत होते. मुलगी उठली नाही. ती वाट पाहत होती, उत्तर मिळेपर्यंत गप्प राहायचं असतं हे तिला आज सकाळीच कुणीतरी शिकवलं होतं.

"हरणाबाई," हरणा म्हणाली. "हरणाबाई कोंडीबा लवटे. आटपाडी."

मुलीचे ओठ हलले. तिने ते नाव एकदा मनात म्हणून पाहिलं, आपल्याकडच्याच त्या आडनावापाशी जराशी थांबली, पुन्हा एकदा म्हटलं, आणि पिशवी छातीशी धरून गाडीत चढली.